टाकी थंड पडायच्या आधी

अगं, आधी जरा बस. चहा ठेव आणि मग ऐक. बेसमेंटमधली गरम पाण्याची टाकी म्हातारी झालीय, घर तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने रिपोर्टात तिच्यासमोर लाल खूण केलीय, एकाने बदलायचे अठराशे डॉलर सांगितले, दुसऱ्याने पाच हजार, आणि तिसरा म्हणतो आज एक डॉलरही देऊ नका, फक्त इथे सही करा. डोकं गरगरणारच की. पण खरं सांगू का, ही तिन्ही उत्तरं खरी असू शकतात. प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीची किंमत सांगतोय आणि तुला वाटतंय की सगळे एकाच टाकीबद्दल बोलताहेत. नव्या देशात येऊन नोकरी लावलीस, मॉर्गेजचे कागद वाचलेस, घर घेतलंस. हेही तुला जमेल. फक्त कुणीतरी शेजारी बसून नीट सांगायला हवं, ते मी सांगते.

पहिल्यांदा पुण्या-मुंबईचा गिझर डोक्यातून काढून टाक. बाथरूमच्या भिंतीवर पंधरा लिटरचा डबा, अंघोळीच्या आधी बटण दाबायचं, झाली की बंद करायचं, ही आपली सवय. इथे ओंटारिओत एकच मोठी टाकी साऱ्या घराला पुरवते आणि ती दिवसरात्र तापलेली असते. तुझ्या ब्रॅम्प्टनच्या नळाला येणारं पाणी ओंटारिओ सरोवराचं. जानेवारी-फेब्रुवारीत ते घरात शिरतं तेव्हा चार-पाच अंशांवर असतं. टाकीत मात्र ते 60 अंशांवर ठेवायचं, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. म्हणजे पंचावन्न अंश तापवायचं आलं. 189 लिटरची, म्हणजे 50 गॅलनची टाकी एकदा पूर्ण तापायला त्या दिवसांत साधारण 12 युनिट ऊर्जा लागते. उन्हाळ्यात तेच पाणी 18 अंशांवर आलं तर नऊ युनिटांच्या थोडं वर भागतं.

एवढ्यावर संपत नाही बघ. शॉवरला पाणी हवं 40 अंशांचं. थंड नळाचं पाणी जितकं गार, तितकं टाकीतलं गरम पाणी जास्त मिसळावं लागतं. मिनिटाला आठ लिटरचा शॉवर दहा मिनिटं चालला तर 80 लिटर पाणी लागलं. त्यातलं टाकीचं पाणी उन्हाळ्यात 42 लिटरच्या आसपास, जानेवारीत मात्र 51. म्हणजे थंडीत टाकीला तापवायचंही जास्त आणि द्यायचंही जास्त. म्हणूनच जुलैत ज्या टाकीबद्दल कुणाची तक्रार नसते, ती जानेवारीत तिसऱ्या माणसाच्या अंगावर गार पाणी ओतते. टाकी बिघडलेली असतेच असं नाही, गं. पुष्कळदा ती लहान पडत असते.

आणि लहान म्हणजे फक्त लिटरांनी लहान नाही. रिकामी झाल्यावर पुन्हा किती वेगाने भरून तापते, हे विचारायचं. गॅसच्या साध्या टाकीचा बर्नर 40,000 बीटीयूचा असेल तर भर थंडीत तासाला 140 लिटरच्या आसपास पाणी तयार होतं. विजेच्या टाकीत तीन किलोवॉटचं एलिमेंट असेल तर तासाला सत्तेचाळीस लिटर, साडेचारचं असेल तर सत्तर. एवढा फरक! म्हणून घरात गॅस नसेल आणि माणसं चार असतील तर विजेची टाकी मोठीच घ्यायची, 227 किंवा 270 लिटरची. यात पैसे वाचवायला जाऊ नकोस. पुढच्या वर्षी सुपर व्हिसावर आई-बाबा येणार म्हणतेस ना, त्यांचाही हिशेब आत्ताच धर. त्यांची तशी काळजी नको म्हणा. आई बादली भरूनच अंघोळ करणार, आणि वीस लिटरच्या बादलीला टाकीतलं तेरा-चौदा लिटर पाणी पुरतं. टाकी रिकामी होते ती कॉलेजातल्या पोरांच्या शॉवरने.

आता ते तीन क्वोट. गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीच्या घरांतून जे आकडे पाहिले त्यावरून सांगते, म्हणजे अंदाज येईल. चिमणीतून आपोआप धूर जाणारी साधी गॅसची टाकी, जुनी काढून नवी बसवून, दीड ते अडीच हजार डॉलरांत होते. पंख्याने धूर भिंतीबाहेर फेकणारी, म्हणजे पॉवर व्हेंटची, बावीसशे ते साडेतीन हजार. टाकी नसलेला, भिंतीवरचा टँकलेस साडेतीन ते साडेपाच हजार, आणि घरात बदल करावे लागले तर त्याहूनही वर. हवेतली उष्णता ओढून घेणारी हीट पंपची टाकी चार ते सहा हजार. वर 13 टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर. क्वोटात तो धरलाय की नाही हे विचारायला लाजू नकोस, तीन हजारांवर तो तीनशे नव्वद डॉलर होतो.

तुला अठराशे सांगणारा बहुतेक पहिल्या प्रकाराची टाकी देतोय आणि पाच हजारवाला टँकलेस. मग स्वस्तातली घेऊन मोकळं व्हावं का? थांब. थंड प्रदेशात टाकीपेक्षा धुराची वाट जास्त महाग पडू शकते, आणि इथेच नव्या घरमालकिणी फसतात.

तुझं घर जुनं असेल तर आधी फर्नेस आणि टाकी दोघांचा धूर एकाच चिमणीतून जायचा. मधे कधीतरी आधीच्या मालकाने फर्नेस बदलून नवी, जास्त कार्यक्षम बसवली असेल. तिचा धूर प्लॅस्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर जातो. मग त्या भल्यामोठ्या विटांच्या चिमणीत टाकी एकटी उरते. तिच्या थोड्याशा धुराने चिमणी तापतच नाही, उणे पंधरात तर नाहीच. धूर वर जायच्या आत गार होतो, त्यातली वाफ आतल्या भिंतींवर पाणी होऊन झिरपते, विटा खराब होतात, आणि वाईट म्हणजे धूर उलटून घरात येऊ शकतो. यावर उपाय आहे, चिमणीत धातूचं अस्तर घालायचं, पण त्याचे पैसे अठराशेत नसतात. बेसमेंटमध्ये जाऊन फक्त एवढं बघ, की चिमणीकडे जाणारी पत्र्याची नळी एकट्या टाकीचीच आहे का. असेल तर प्रत्येक क्वोट देणाऱ्याला विचार, ‘चिमणीचं काय करणार?’ जो उत्तर टाळेल त्याला चहा न देता निरोप दे.

यात आपल्या स्वयंपाकघराचाही संबंध आहे, आणि हे इथले लोक तुला सांगणार नाहीत. आपली फोडणी, आपलं तळण, म्हणून आपण गॅसवरचा एक्झॉस्ट पंखा जोरदार घेतो. थंडीसाठी घट्ट बंद केलेल्या घरात तो पंखा पूर्ण वेगाने चालला की घरातली हवा बाहेर ओढतो, आणि तेवढी हवा कुठून तरी आत यायला बघते. सगळ्यात सोपी वाट म्हणजे त्या टाकीची चिमणी. मग धुरासकट हवा उलटी खाली येते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला ना रंग ना वास. घाबरवत नाही गं, पण अलार्मबाबत कंजुषी चालायची नाही. ओंटारिओत झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधीपासूनच सक्तीचा आहे, आणि 1 जानेवारी 2026 पासून गॅसवर चालणारं उपकरण असलेल्या घरात प्रत्येक मजल्यावर तो हवा. फोडणी जोरात आणि टाकी चिमणीवाली असं तुझं घर असेल तर माझं मत स्पष्ट आहे, हजारभर डॉलर जास्त गेले तरी पॉवर व्हेंट घे.

पॉवर व्हेंटचं एक दुखणंही सांगून ठेवते. पंखा विजेवर चालतो, म्हणजे वीज गेली की गरम पाणी गेलं. डिसेंबर 2013 मध्ये नाताळाच्या तोंडावर टोरांटोत बर्फाचं वादळ झालं, तेव्हा शहरातल्या सुमारे तीन लाख ग्राहकांची वीज गेली होती आणि काहींच्या घरी ती कित्येक दिवस आली नाही. त्या वेळी जुन्या पायलट ज्योतीच्या टाक्या चालू राहिल्या, पंख्याच्या बंद पडल्या. टँकलेसही विजेशिवाय मुका. एवढ्यासाठी जुनी पद्धत धरून बसावं असं मी म्हणणार नाही, पण तुझ्या गल्लीत वीज वारंवार जात असेल तर हे मोजायला हवं.

टँकलेसचं तुझ्या नवऱ्याच्या मनात फार भरलंय ना? जागा वाचते, पाणी कधीच संपत नाही, असं त्याने ब्रोशरमध्ये वाचलं असेल. पाणी संपत नाही हे खरं आहे. पण मिनिटाला 40 लिटर हा जो मोठ्ठा आकडा पहिल्या पानावर असतो, तो पाणी फक्त वीसेक अंश तापवायचं धरून असतो. फ्लोरिडात तेवढं पुरतं. तुझ्याकडे जानेवारीत 5 अंशांचं पाणी 49 अंशांवर न्यायचं, तर 1,99,000 बीटीयूचं सगळ्यात मोठं घरगुती मॉडेलही मिनिटाला अठरा लिटरच्या आसपास देतं. निम्म्याहूनही कमी. दोन शॉवर एका वेळी निभतात, त्यात कुणी भांड्यांचा नळ सोडला की ओढाताण सुरू. म्हणून त्याला सांग, ब्रोशरच्या आत एक तक्ता असतो, त्यात 44-45 अंशांच्या फरकासमोरचा आकडा बघ आणि तोच खरा मान.

आणखी एक. टँकलेस पेटायला पाण्याचा काही एक जोर लागतो, बऱ्याच मॉडेलांना मिनिटाला दोन लिटरच्या आसपास. आपल्याला धार बारीक करून भांडी घासायची सवय. तेवढ्या धारेला तो पेटतच नाही आणि हात गारठून जातात. शिवाय जुनी अर्ध्या इंची गॅसची नळी त्याला बहुधा पुरत नाही, पाऊण इंची टाकावी लागते, नवं व्हेंट लागतं, त्यातून ठिबकणारं पाणी मोरीत सोडावं लागतं, आणि वर्षातून एकदा आतले क्षार धुवावे लागतात. किचनर-वॉटर्लूकडे राहायला गेलीस तर हे धुणं अजिबात चुकवून चालणार नाही, तिकडचं पाणी बरंचसं जमिनीतलं आणि फार क्षारांचं. एवढं सगळं मान्य असेल तर जरूर घ्या, वस्तू चांगली आहे. फक्त पाच हजारांच्या क्वोटात गॅसची नळी धरलीय का ते लेखी बघ. विजेच्या टँकलेसचा मात्र विचारही करू नकोस. एवढ्या गार पाण्यासाठी त्याला इतकी वीज लागते की घराचं सारं पॅनेल त्यालाच द्यावं लागेल.

हीट पंपच्या टाकीबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. ती वीज फार कमी घेते, साध्या विजेच्या टाकीच्या निम्म्याहून कमी, कारण ती उष्णता तयार करत नाही, आजूबाजूच्या हवेतून ओढून घेते. पण बघ, ती हवा तुझ्या बेसमेंटची आहे, आणि जानेवारीत ती तापवतोय तुझा फर्नेस. म्हणजे हिवाळ्यात बचतीचा काही भाग फर्नेसच्या बिलात परत जातो आणि बेसमेंट गार होतं. उन्हाळ्यात उलट फायदा, बेसमेंटची दमट हवा कोरडी आणि थंड होते. घरी आधीपासून विजेची टाकी असेल, बेसमेंट मोकळं असेल आणि तिथे कुणी झोपत नसेल, तर ही टाकी मला आवडते. बेसमेंटमध्ये भाडेकरू ठेवायचा बेत असेल तर नको, ती आवाज करते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तो तिसरा माणूस. ‘आज एक डॉलरही नको, फक्त सही करा.’

ओंटारिओत गरम पाण्याची टाकी भाड्याने घ्यायची फार जुनी रीत आहे. पूर्वी गॅस कंपन्याच टाकी भाड्याने द्यायच्या, महिन्याच्या बिलात थोडेसे पैसे जायचे, बिघडली की त्याच दुरुस्त करायच्या. लोकांना बरं वाटायचं. पुढे तो धंदा वेगळ्या कंपन्यांकडे गेला, भाडी वाढत गेली, आणि करार लांबले. आता हिशेब कर. महिना 30 डॉलर ऐकायला काहीच नाही. त्यावर कर धरून 33 डॉलर 90 सेंट. बारा वर्षांत ते जवळजवळ 4,900 होतात. आणि भाडं दरवर्षी फक्त तीन टक्क्यांनी वाढलं तर 5,700च्या पुढे. एवढ्यात तुझी स्वतःची टाकी येऊन वर दुरुस्तीला पैसे उरतात. टँकलेसचं भाडं याहून जास्त असतं. महिना 50 धरलेस तर कर मिळून बारा वर्षांत आठ हजारांवर जातं, तेही वाढ न धरता.

भाडं वाईटच असं मी म्हणत नाही हं. घर घेताना सगळी पुंजी डाउन पेमेंटमध्ये गेलीय, हाताशी दोन हजारही नाहीत, आणि बाळ लहान आहे, अशा घरात भाड्याची टाकी म्हणजे आधार असतो. बिघडली तर एक फोन करायचा, बाकी त्यांचं ते बघतात. तुझी तशी वेळ असेल तर निर्धास्त घे, त्यात कमीपणा नाही. पण सही करायच्या आधी चार गोष्टी कागदावर शोध. करार किती वर्षांचा आहे, भाडं दरवर्षी किती वाढू शकतं, मधेच विकत घ्यायची झाली तर कुठल्या वर्षी किती पैसे पडतील, आणि टाकी परत करताना काढण्याचा खर्च कुणाचा. हे चार आकडे मिळाले नाहीत तर सही नाही. तोंडी सांगितलेलं काही धरायचं नाही.

आणि तुझ्या बेसमेंटमधली आत्ताची टाकी कुणाची आहे, हे तुला माहीत आहे का? खूप जणींना नसतं. घराच्या खरेदीच्या करारात भाड्याच्या वस्तूंचं एक कलम असतं. तिथे टाकीचं नाव लिहिलेलं असेल तर ते भाडं तू स्वीकारलंयस, तुझ्या लक्षात आलं असो वा नसो. तो करार वकिलाकडून मागवून घे. टाकी जुनी असेल तर तिची विकत घ्यायची किंमत बऱ्याचदा फार थोडी उरलेली असते, तीही कंपनीकडून लेखी माग. नाहीतर काय होतं, की भर थंडीत रात्री टाकी फुटते, तू कंपनीला फोन करतेस, ते तत्परतेने नवी टाकी घेऊन येतात, आणि तिच्याबरोबर नवा, लांबलचक करारही येतो. मुलं गारठलेली, बेसमेंटमध्ये पाणी, अशा वेळी कोण अटी वाचणार? म्हणून ती वेळच येऊ द्यायची नाही.

दारावर येऊन टाकी विकणाऱ्यांचं तर इथे एके काळी पेवच फुटलं होतं. गळ्यात कार्ड, हातात टॅब्लेट, ‘सरकारी तपासणी आहे, टाकी बघायचीय’ म्हणत घरात शिरायचे आणि म्हाताऱ्या माणसांकडून, इंग्रजी कमी येणाऱ्यांकडून सह्या घेऊन जायचे. मला त्याचा अजून संताप येतो. 1 मार्च 2018 पासून ओंटारिओत गरम पाण्याची टाकी, फर्नेस, एसी अशा गोष्टी बोलावल्याशिवाय दारावर येऊन विकायला बंदी आहे. म्हणून कुणी आलं तर दार बंद करायला संकोच करू नकोस, आणि आई-बाबा एकटे घरी असतील तेव्हा त्यांनाही हे बजावून ठेव. तू स्वतः बोलावून घरी सही केलीस तरी दहा दिवसांच्या आत कारण न देता करार रद्द करता येतो. आणखी एक खोडी होती, कंपन्या टाकीच्या भाड्यापोटी घराच्या मालकीच्या कागदांवर चक्क नोंद करून ठेवायच्या, आणि घर विकताना हजारो डॉलर मागायच्या. जून 2024 मध्ये प्रांताने कायदा करून ग्राहकांच्या वस्तूंसाठी अशी नोंद करणंच बंद केलं. मूळ करार त्याने आपोआप सुटत नाही, तेवढं ध्यानात ठेव.

टाकी बसवणारा माणूस निवडताना भावाभावात फार अडकू नकोस. गॅसला हात लावणाऱ्याकडे टीएसएसए या प्रांताच्या सुरक्षा संस्थेचं लायसन्स हवंच, बहुतेकांकडे त्यातलं जी2 असतं. ते दाखवा म्हटलं की चांगला माणूस खिशातून लगेच काढून दाखवतो. काम ओळखीच्याच्या ओळखीच्याने रोखीत केलं आणि पुढे काही झालं, तर विमा कंपनीशी तूच भांडत बसशील. व्हेंटची प्लॅस्टिक नळी एस636 छापलेली असली पाहिजे, बांधकामाची साधी ड्रेनची नळी नाही. ती भिंतीतून जिथे बाहेर येते ती जागा त्याच्याबरोबर बाहेर जाऊन बघ. फेब्रुवारीत तिथे बर्फाचा ढीग किती उंच होतो हे तुला माहीत आहे, त्याला माहीत नाही. नळीचं तोंड बर्फात गाडलं की टाकी बंद पडते, आणि पहाटे फावडं घेऊन तुलाच जावं लागतं.

मिक्सिंग व्हॉल्व्हही क्वोटात हवा. टाकीत 60 अंश ठेवायचे, पण ओंटारिओच्या बिल्डिंग कोडप्रमाणे अंघोळीच्या नळाला 49 अंशांहून गरम पाणी येता कामा नये. तो छोटासा व्हॉल्व्ह गार पाणी मिसळून ते सांभाळतो. 60 अंशांचं पाणी लहान मुलाच्या कातडीला काही सेकंदांत भाजतं, गं. काही जण हा खर्च वाचवायला टाकीच 50वर आणून ठेवतात, तेही नको, जंतूंचं सांगितलं ना मघाशी.

हे सगळं कधी करायचं? सप्टेंबरात. आपण पापड-कुरडया पावसाळा लागायच्या आत करून ठेवतो ना, तसंच. टाकीचं आयुष्य साधारण दहा-बारा वर्षांचं, तुझी त्यापलीकडे गेलीय. ती अजून चालतेय हेच तुझं बळ आहे. चालू टाकी असताना तीन माणसांना बोलावता येतं, नाही म्हणता येतं, आठवडाभर विचार करता येतो. गार पडल्यावर जो पहिला येईल आणि जे म्हणेल ते द्यावं लागतं. टाकी नवी आणायला पैसे जमत नसतील तर आत्तापासून महिन्याला शंभर-दीडशे बाजूला टाकायला लाग, भाड्याच्या करारापेक्षा ते बरं.

आणि थोडं खर्च न करताही होतं. टाकीतून निघणाऱ्या गरम पाण्याच्या नळीला फोमचं आवरण घाल, दुकानात काही डॉलरांत मिळतं, घरीच बसतं. तुझ्या बेसमेंटमध्ये सांडपाण्याच्या उभ्या पाइपाला तांब्याची वेटोळी नळी गुंडाळलेली दिसली तर तिला हात लावू देऊ नकोस कुणाला. शॉवरचं वाहून जाणारं ऊबदार पाणी त्या पाइपातून खाली जातं आणि वेटोळ्यातून वर येणारं गार पाणी जाताजाता कोमट होतं. वीज नाही, मोटर नाही. अशा थंड मुलखात तिच्याइतकी गुणी वस्तू दुसरी नाही, नव्या घरांत ती बांधतानाच बसवतात. जुन्या घरात नंतरही बसवता येते, नव्या टाकीच्या क्वोटाबरोबर तिचाही भाव विचारून बघ. नवी टाकी आली की दर वर्षी खालच्या तोटीतून बादलीभर पाणी काढून गाळ घालव, आणि चार-पाच वर्षांनी आतला अॅनोड रॉड तपासून घे. तो गंजून जातो म्हणून टाकी गंजत नाही. रॉड स्वस्त आणि टाकी हजारांची, पण तो बदलायची आठवण फारच थोड्यांना राहते.

तर आता या शनिवारी काय करायचं ते सांगते. मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली जा. टाकीच्या अंगावरच्या स्टिकरचा फोटो काढ, बनवल्याचं वर्ष आणि लिटर त्यावर मिळतील. दुसऱ्या कंपनीचं नाव आणि फोन नंबर असलेला वेगळा स्टिकर आहे का बघ, असला तर टाकी भाड्याची असायची शक्यता मोठी. खाली जमिनीवर गंजाचे डाग, ओल आहे का? धुराची नळी कुठे जाते? टाकीच्या वरची गार पाणी बंद करायची तोटी कुठे आहे, ती तुम्हा दोघांनाही माहीत हवी, नवऱ्यालाही खाली ने. मग खरेदीच्या करारातलं ते भाड्याचं कलम काढ. फोटो आणि तिन्ही क्वोट मला व्हॉट्सअॅपवर पाठव, रविवारी दुपारी फोन कर, दोघी मिळून ओळ न् ओळ बघू. तोवर कुठेही सही करायची नाही, ऐकलंस ना?